भोक की बोगदा? इलेक्ट्रॉन भिंतीतूनच गेला हे कळतं कसं

(हे एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

इयरफोन नीट बसवलेत ना? कारण आजची गोष्ट तुमच्या हातातल्या फोनमध्ये आत्ताच घडून गेली आहे.

तुम्ही हा एपिसोड डाउनलोड केलात. म्हणजे फोनच्या फ्लॅश मेमरीत असंख्य इलेक्ट्रॉन एका इन्सुलेटरच्या थरातून पलीकडच्या छोट्याशा कप्प्यात गेले आणि तिथे अडकून बसले. इन्सुलेटर म्हणजे ज्यातून करंट जात नाही असा पदार्थ. तरी ते गेले. याला म्हणतात क्वांटम टनेलिंग.

मागे एकदा मी हे सहज बोलून गेलो होतो. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला: ‘दादा, इलेक्ट्रॉन भिंतीतून गेला म्हणता. पण भिंतीला भोक नव्हतं हे बघितलं कोणी?’

खरं सांगतो, हा प्रश्न मला इतका आवडला की अख्खा एपिसोड त्यावरच करायचं ठरवलं. कारण १९६० साली खुद्द शास्त्रज्ञांनाही नेमकी हीच शंका होती.

घाट, बोगदा आणि माठ

आधी थोडी उजळणी. कर्जतहून लोणावळ्याला जायचं तर घाट चढावाच लागतो. गाडीत तेवढी ताकद नसेल तर ती खालीच राहणार. आपल्या रोजच्या जगाचा नियम हा असा आहे: ऊर्जा कमी, तर डोंगर पार नाही.

इलेक्ट्रॉन मात्र नुसता खडा नाही, तो लाटेसारखाही वागतो. ही लाट अडथळ्याशी आली की तिथल्या तिथे संपत नाही. ती आत शिरते आणि झपाट्याने विरत जाते. अडथळा खूपच पातळ असेल, तर पूर्ण विरायच्या आत लाटेचं टोक पलीकडे पोहोचतं. म्हणजे इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता उरते. ‘टनेल’ हा शब्द इथे जरा फसवा आहे, कारण बोगदा कोणी खणलेला नसतो. डोंगर जसाच्या तसा असतो, आणि गाडी पलीकडे!

‘थोडीशी शक्यता’ किती थोडी, ते जाडीवर ठरतं. धातूचं टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये रिकामी फट ठेवली, तर फट फक्त ०.१ नॅनोमीटरने वाढली तरी टनेलिंगचा करंट साधारण दहापट कमी होतो. ०.१ नॅनोमीटर म्हणजे अणूच्या आकाराइतकं अंतर. त्यामुळे टनेलिंग बघायचं तर भिंत दोन-तीन नॅनोमीटरच्या आसपासच हवी.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. इतका पातळ थर बनवायचा, तर त्यात कुठेतरी बारीक छिद्र राहणारच, नाही का? उन्हाळ्यातला माठ आठवा. माठ बाहेरून ओला होतो, पण त्याला कोणी जादू म्हणत नाही. मातीत सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं. मग दोन धातूंच्या मधल्या थरातून करंट गेला, तर ते टनेलिंग कशावरून? कदाचित तुमचा माठच पाझरत असेल! लॅबच्या भाषेत याला ‘शॉर्ट’ म्हणतात: छिद्रातून दोन्ही धातू एकमेकांना टेकले आणि करंटला सरळ वाट मिळाली.

काठावर पास झालेला मेकॅनिकल इंजिनिअर

आता आपल्या गोष्टीचा नायक. इव्हार गियेव्हर. जन्म १९२९, नॉर्वेतलं बर्गन. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, आणि मार्क बेताचेच. हे तो स्वतःच नंतर हसत हसत सांगायचा. आधी कॅनडात गेला, मग अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात लागला. तिथे जॉन फिशर या शास्त्रज्ञाने त्याला पातळ थरांतून टनेलिंग मोजायच्या कामाला लावलं. फिजिक्स त्याला फारसं येत नव्हतं, म्हणून नोकरी सांभाळून तो जवळच्या रेन्सिलर पॉलिटेक्निकमध्ये क्लासला जाऊ लागला.

प्रयोगाची मांडणी तशी साधी होती. काचेच्या पट्टीवर निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ बसवून एक अरुंद पट्टा तयार करायचा. त्यावर ऑक्साइडचा थर येऊ द्यायचा. मग त्याला आडवा छेदणारा दुसऱ्या धातूचा पट्टा बसवायचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड आपोआप येतो, तुमच्या घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरही तो आहे. हा ऑक्साइड म्हणजेच आपली भिंत.

आणखी एक गंमत बघा. अधिक चिन्हासारख्या या मांडणीला चार टोकं मिळतात. प्रत्येक पट्ट्याच्या एका टोकातून करंट सोडायचा आणि उरलेल्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं. म्हणजे जोडलेल्या वायरींचा स्वतःचा रोध मोजमापात येत नाही, फक्त मधल्या सांध्याचाच हिशोब लागतो. आजही थंड तापमानातल्या करंट-व्होल्टेजच्या प्रयोगांत ही चार वायरींची पद्धत सर्रास वापरतात.

गियेव्हरला करंट मिळाला, पण शंका घेणारे होतेच. टनेलिंग की माठ? नुसत्या करंटवरून ठरत नव्हतं.

थंडी कशाला हवी?

एके दिवशी क्लासमध्ये सुपरकंडक्टरचा विषय निघाला. मराठीत अतिवाहक. काही धातू खूप थंड केले की त्यांचा विजेचा रोध पूर्णपणे नाहीसा होतो, हे १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओन्नेसने शोधलं होतं. ते का होतं, याचं उत्तर मात्र १९५७ मध्ये आलं, बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्याकडून. त्यांच्या सिद्धांतात एक महत्त्वाची गोष्ट होती: सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात, आणि त्यामुळे एकट्या इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेचा एक पट्टा पूर्ण बंद होतो. तिथे जागाच नाही. याला म्हणतात एनर्जी गॅप.

गियेव्हरच्या डोक्यात ट्यूब पेटली. आपल्या सांध्याचा एक धातू सुपरकंडक्टर केला तर? टनेलिंगने येणाऱ्या इलेक्ट्रॉनला पलीकडे बसायला जागा लागते. गॅपमध्ये जागा नाही, म्हणजे छोट्या व्होल्टेजला करंट जवळजवळ थांबेल. व्होल्टेज गॅपच्या वर गेलं की एकदम सुरू होईल. म्हणजे साध्या व्होल्टमीटरवर गॅप मोजता येईल!

पण गॅप केवढी? शिशासाठी एक मिलिव्होल्टपेक्षा थोडी जास्त. आणि आपल्या खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची उष्णतेने होणारी हालचाल साधारण २५ मिलिव्होल्टइतकी असते. म्हणजे आषाढातल्या खवळलेल्या समुद्रात उभं राहून पाण्याखालच्या एका पायरीची उंची मोजण्यासारखं झालं. समुद्र शांत व्हायलाच हवा. द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे ४.२ केल्विनला किंवा उणे २६९ अंश सेल्सिअसला, ही हालचाल ०.३६ मिलिव्होल्टवर येते. आता पायरी दिसू शकते.

म्हणजे थंडीने दोन कामं होतात. शिसं ७.२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतं, हे एक. आणि उष्णतेचा गोंगाट गॅपपेक्षा कमी होतो, हे दुसरं. ॲल्युमिनियम मात्र १.२ केल्विनपर्यंत साधा धातूच राहतो. त्यामुळे ४.२ केल्विनला एका बाजूला साधा धातू, दुसऱ्या बाजूला सुपरकंडक्टर, अगदी हवी तशी जोडी.

२२ एप्रिल १९६०, शुक्रवार

पहिले दोन प्रयत्न फसले. ऑक्साइड इतका जाड झाला होता की मोजता येईल एवढा करंटच जाईना. तिसऱ्या वेळी त्याने ऑक्साइड ‘बनवायचा’ नाद सोडला. ॲल्युमिनियमचा पट्टा फक्त काही मिनिटं हवेत ठेवला आणि लगेच त्यावर शिसं चढवलं. थर झाला तीन नॅनोमीटरच्या आत-बाहेर.

हेलियममध्ये बुडवल्यावर आलेख बदलला. गरम असताना करंट-व्होल्टेजची रेघ सरळ होती, आता शून्याजवळ ती आडवी पडली. छोट्या व्होल्टेजला करंट खूप कमी, आणि एक मिलिव्होल्टच्या पुढे उसळी. मग त्याने चुंबकीय क्षेत्र वाढवलं. पुरेसं चुंबकीय क्षेत्र शिशाची अतिवाहकता मोडतं. रेघ पुन्हा सरळ! तोच सांधा, तीच थंडी, तोच ऑक्साइड. बदललं काय, तर फक्त शिशाची अवस्था.

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे या. हा करंट छिद्रातून जात असता तर? शिसं सुपरकंडक्टर झाल्यावर धातूच्या पुलावरून करंट कमी व्हायचं काहीच कारण नव्हतं. पाझरणाऱ्या माठाला पलीकडच्या भांड्यातल्या ऊर्जेच्या पट्ट्याशी काय देणंघेणं? करंट कमी झाला, तोही नेमका गॅपच्या मापाने, याचा अर्थ इलेक्ट्रॉन एकेकटा भिंत पार करून जागा शोधत होता. एका प्रयोगाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या: गॅप खरी आहे, आणि टनेलिंगही खरं आहे.

जो करंट टाकून दिला गेला

इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं. पण आता जरा बोचणारा भाग.

कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी रीडिंग ‘बसवलेली’ आहेत. आलेखावर एखादा ठिपका रेघेबाहेर पडला की खोडरबर घ्यायचा, ठिपका रेघेवर आणायचा, आणि सर बघत नाहीत ना ते बघायचं. तुम्हीही केलं असेल, लाजू नका. ‘काहीतरी लूज कनेक्शन असेल’ हे आपलं ठरलेलं उत्तर.

गियेव्हरने काही खोडलं नव्हतं. पण दोन्ही बाजूंना सुपरकंडक्टर असलेल्या काही सांध्यांत त्याला व्होल्टेज शून्य असतानाच करंट वाहताना दिसला होता. शून्य व्होल्टेजला करंट? म्हणजे दोन्ही सुपरकंडक्टर कुठेतरी टेकले. शॉर्ट. सांधा खराब. पुढचा घ्या. त्याची शंका चुकीची नव्हती बरं का, बहुतेक सांध्यांत तेच होत असणार. छिद्र ओळखायला शिकलेला माणूस छिद्र बघून बाजूला झाला.

१९६२ मध्ये केंब्रिजचा बावीस वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने कागदावर गणित मांडलं: इलेक्ट्रॉनच्या जोड्यासुद्धा भिंतीतून टनेल करू शकतात, आणि तेव्हा व्होल्टेज शून्य असतानाही करंट वाहील. खुद्द बार्डीनला हे पटलं नाही. ज्याच्या नावाने सुपरकंडक्टरचा सिद्धांत ओळखला जातो तो माणूस विरोधात, आणि समोर एक विद्यार्थी! १९६२ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या परिषदेत दोघांची समोरासमोर चर्चाही झाली.

निकाल लागला प्रयोगाने. १९६३ मध्ये बेल लॅबमधल्या फिलिप अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी शून्य व्होल्टेजचा करंट मोजला आणि मग पुन्हा तीच युक्ती केली: चुंबकीय क्षेत्र बदललं. अगदी क्षीण क्षेत्रानेही हा करंट कोलमडत होता. धातूचा पूल असता तर एवढ्याशा क्षेत्राने त्याचं काही बिघडलं नसतं. तरीही त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द होता. इतकी सावधगिरी.

१९७३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अर्धं जोसेफसनला मिळालं. उरलेलं अर्धं गियेव्हर आणि सेमीकंडक्टरमधलं टनेलिंग दाखवणारे जपानचे लिओ इसाकी यांच्यात वाटलं गेलं. आणि नोबेलच्या भाषणात गियेव्हरने मोकळेपणाने सांगितलं की तो परिणाम माझ्या डोळ्यांसमोर होता, मी त्याला शॉर्ट समजलो. मला हे कबूल करणं त्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

हातात मावणारी चिप

पुढचा प्रश्न याहून मोठा होता. एकटा इलेक्ट्रॉन टनेल करतो, जोडी टनेल करते, ठीक आहे. पण अब्जावधी इलेक्ट्रॉन मिळून बनलेलं अख्खं सर्किट एक वस्तू म्हणून टनेल करेल का?

१९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन क्लार्क, फ्रान्सहून आलेला मिशेल डेव्होरे आणि पीएचडी करणारा जॉन मार्टिनिस यांनी हे तपासलं. जोसेफसनच्या सांध्यातून करंट सोडला की आधी व्होल्टेज शून्य असतं. हे असं समजा: उताराच्या रस्त्यावर एक गोटी खड्ड्यात अडकली आहे. ती निसटली की गडगडत जाते, आणि व्होल्टेज दिसतं. इथे ‘गोटी’ म्हणजे सगळ्या जोड्यांची मिळून एकच सामूहिक अवस्था.

गोटी दोन प्रकारे निसटू शकते. उष्णतेच्या धक्क्याने काठावरून, किंवा टनेलिंगने काठातून. सर्किट थंड करत गेलं की धक्के कमी होतात आणि निसटणंही कमी होतं. पण केल्विनच्या काही शतांशांवर, म्हणजे अवकाशातल्या २.७ केल्विनच्या थंडीहूनही कितीतरी खाली, एक क्षण असा आला की तापमान आणखी कमी केलं तरी निसटण्याचा दर कमी होईना. उष्णतेने काढता पाय घेतला, तरी गोटी निसटतच होती.

आता तुम्ही शिकलात, तेव्हा विचारा बघू: ‘कशावरून? कदाचित चिप थंडच झाली नसेल!’ एकदम बरोबर. खोलीतल्या उपकरणांपासून खाली चिपपर्यंत वायरी जातात, आणि त्यांतून मायक्रोवेव्हचा गोंगाट उतरतो. तोच गोटीला ढकलत असेल तर? म्हणून त्यांनी वायरींवर तांब्याच्या भुकटीचे फिल्टर बसवले, जे हा गोंगाट शोषून घेतात. आणि मग तिसऱ्यांदा तेच जुनं हत्यार काढलं, चुंबकीय क्षेत्र. त्याने खड्डा मुद्दाम उथळ केला. अशा खड्ड्यात टनेलिंगची सद्दी आणखी खालच्या तापमानाला सुरू होते. त्याच चिपवर, त्याच वायरींवर, आता निसटण्याचा दर तापमानाबरोबर आणखी खाली उतरत राहिला. म्हणजे चिप खरोखर थंड होत होती. आधीचा सपाट भाग हे टनेलिंगच होतं.

याच कामासाठी ७ ऑक्टोबर २०२५ ला या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. गियेव्हर त्याच वर्षी जूनमध्ये गेला, ९६ वर्षांचा होऊन.

कुलाब्यापर्यंत

हे सगळं लांबचं वाटत असेल तर मुंबईत या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, जोसेफसन सांध्यांवर चालणारे क्युबिट बनवले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्यात डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांचाही वाटा होता. अशा क्युबिटच्या गाभ्यात सहसा काय असतं माहितीये? ॲल्युमिनियम, त्याचा पातळ ऑक्साइड, आणि पुन्हा ॲल्युमिनियम. पातेल्यावरचाच तो थर! फक्त तो हेलियमच्या दोन प्रकारांचं मिश्रण वापरणाऱ्या फ्रिजमध्ये केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केलेला.

तुमच्या फोनमधली मेमरी मात्र थंड करावी लागत नाही. तिथे गॅप मोजायची नसते, फक्त इलेक्ट्रॉन पलीकडे टाकायचे असतात. जास्त व्होल्टेज दिलं की भिंत इलेक्ट्रॉनसाठी जणू पातळ होते, आणि व्होल्टेज काढलं की पुन्हा जाड. म्हणून फोन बंद केला तरी फोटो राहतात. पण दर वेळी जा-ये झाली की ऑक्साइड थोडा थोडा बिघडतो. मेमरीला आयुष्य असतं ते त्यामुळे.

तर, मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: भिंतीला भोक नव्हतं हे कोणीच डोळ्यांनी बघितलं नाही. त्यांनी अशी परिस्थिती तयार केली की भोक असतं तर एक दिसलं असतं आणि टनेलिंग असेल तर दुसरं. मग चुंबकीय क्षेत्र बदललं आणि काय दिसतं ते बघितलं.

आणि कॉलेजवाल्यांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला ठिपका रेघेबाहेर पडला, तर बहुतेक वेळा ते लूज कनेक्शनच असेल. नोबेलची स्वप्नं बघू नका! पण खोडायच्या आधी एकदा वायर हलवून बघा. खरंच लूज असेल तर ठिपका जागेवर येईल. नाही आला, तर तो तसाच राहू द्या आणि सरांना दाखवा.

तुमच्या जर्नलमधला असा एखादा ठिपका आठवतोय? कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या वेळी वाचून दाखवेन. भेटू लवकरच. तोपर्यंत, शंका घेत राहा!